आणि मंडळी

टक्.

दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज झाला. विजयमालानं मांडीवर निजलेल्या बनूच्या डोक्याखालचा हात हळूच सोडवला आणि कानोसा घेतला. उंदीर असेल, तिला वाटलं. एवढ्यात पुन्हा टक् झालं, आणि या खेपेला काहीतरी लहानसं फरशीवर घरंगळत येऊन चुलीपाशी थांबलं.

ते बूच होतं. शाईच्या बाटलीचं.

तिनं बनूला गोधडीवर ठेवलं आणि फळीपाशी गेली. सहा बाटल्या ओळीनं मांडून ठेवलेल्या. दोन बाटल्यांची बुचं उडाली होती, गळ्याशी करडा फेस आला होता आणि शिळ्या ताकासारखा आंबूस वास सुटला होता. उरलेल्या चार बाटल्यांना तिनं नुसतं बोट लावलं, तर बुचं आपण होऊन वर सरकली. सगळीच शाई नासली होती, आणि नेमकी उद्या ती कॉलेजात दाखवायची होती.

ती तिथंच बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकून. रडायला वेळ नव्हता. बनू उठेपर्यंत जेवढी दुपार हाताशी होती, तेवढीच तिची स्वतःची.

शाई करायची कला तिला माहेरची येत होती. महाबळेश्वराच्या उताराला, मेढ्याच्या वरच्या अंगाला तिचं गाव. वडील, नानासो, तिथल्या शाळेचे मास्तर. विकतची शाई त्या डोंगरात कोण आणून देणार? ते जंगलातला हिरडा गोळा करायचे, कुटून भिजत घालायचे, त्यात शाई काळी करणारे हिराकसीचे खडे आणि बाभळीचा डिंक टाकायचे, आणि मडकं चार दिवस उघडं ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचे. ढवळायचं काम विजयमालाचं. तिची बोटं लहानपणी कधी पांढरी दिसलीच नाहीत. लग्नात हळद लावायला आलेल्या बायका म्हणाल्या होत्या, पोरीला आधी शाईची हळद लागलीया.

पण डोंगरातला गारठा सांगलीच्या एप्रिलात कुठून आणायचा? वडिलांची शाई वर्षभर टिकायची. इथं पंधरा दिवसांत आंबली.

तिचा नवरा नाथाजी सिसाळ हा पलूसचा. लढाईत तीन वर्षं पलटणीच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी करून परत आला आणि घरी ऊस बघायचा सोडून, पंचविसाव्या वर्षी, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या शेजारी कॉलेजात जाऊन बसला. इंटरची परीक्षा आत्ताच झाली होती. पुढची दोन वर्षं उरली होती, आणि पलटणीतला पैसा उरला नव्हता. थोरले भाऊ जोतिबा यांनी पत्र घातलं होतं. चार ओळींचं. शाई शाळांत खपायला लागली तर शिक, नाहीतर मे-अखेरीला बायको-पोरीला घेऊन गावी ये, उसाच्या लागणीला माणूस नाही. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

आशा होती ती उद्याच्या बैठकीची. कॉलेज सोडून आपापल्या धंद्याला लागलेल्या जुन्या मुलांनी एक मंडळ काढलं होतं. त्यात कुणी वकील, कुणी औषधाचं दुकानवाला, कुणी विमा कंपनीतला. त्यांनी यंदा ठरवलं होतं, की शिकता शिकता जो मुलगा स्वतःच्या हातानं काही वस्तू करून विकायला बघेल, त्याच्या पाठीशी आपण उभं राहायचं. ज्याला जे येतं ते त्यानं द्यायचं. नाथाजीनं नाव दिलं होतं.

हिरड्याचा एक काढा मडक्यात तयार होता, तेवढं नशीब. विजयमालानं पदर खोचला. हिराकस घातली, डिंक गाळून घातला, ढवळलं. बनू उठली तेव्हा नव्या शाईनं पाच बाटल्या भरल्या होत्या. चार दिवस उघडं ठेवायला मात्र चार दिवस नव्हते.

नाथाजी संध्याकाळी आला, त्यानं बोरू बुडवून कागदावर रेघ ओढली आणि त्याचा चेहरा उतरला.

"आगं, ही तर चहाच्या पाण्यावाणी हाय."

"आज तशीच दिसायची. वारं न्हाई लागलं तिला. कागदावर उद्यापतोर काळी होती बघा, आन मग धुतली तरी जायची न्हाई."

"उद्या बैठक हाय, परवा न्हवं."

"मग सांगा त्यास्नी, एक दिस थांबा म्हणावं."

"वकिलाला? तारीख मागू?" तो हसला, पण कसनुसा. मग बाटलीकडं बघत म्हणाला, "आन कुणी केली म्हणून इचारलं तर?"

"तुमीच सांगा की. हिरडा मी कुटला, हिराकस आणली तुमी, प्रमाण लिवून काढलं तुमी." ती बनूच्या केसांत तेल घालत होती, मान वर न करता बोलली. "आमी केली म्हणायचं. त्यात काय खोटं हाय?"

रविवारी सकाळी कॉलेजच्या व्हरांड्यात ती बनूला घेऊन खांबाशी बसली. सुट्टी लागलेली, पोरं गावोगाव गेलेली, आत बोललेलं बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं. टेबलाशी दोघेच होते. अध्यक्ष लालासाहेब, साताऱ्याचे वकील, अंगानं भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. आणि चिटणीस सहस्रबुद्धे, पुण्याहून विमा कंपनीत बदलून आलेले, बारीक, नेटके, मोत्यासारखं अक्षर. कंपन्या आणि करार यांतच त्यांचा जन्म गेलेला.

लालासाहेबांनी टाक बुडवला आणि एका चिटोऱ्यावर लिहून बघितलं. मग चिटोरा डोळ्यांजवळ नेला.

"गड्या, शाई हाय का अष्टमीचा चंद्र? दिसतीया न दिसतीया."

"उद्या काळी हुती, सायेब," नाथाजी म्हणाला.

"आज लिवायचं आन उद्या वाचायचं? उधारीची शाई म्हणायची ही." लालासाहेब स्वतःच्या विनोदावर खुशीत हसले आणि त्याच शाईनं बैठकीच्या वहीत शेरा मारून आपल्या खटल्याचे कागद चाळत बसले.

तेवढ्यात सहस्रबुद्ध्यांनी आपली लेखणी सरसावली. "शाई कोण तयार करतं?"

"आमी करतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

बाहेर विजयमालानं मान उचलली. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं वळण नाथाजीच्या जिभेला नव्हतं. आणि खोटं बोलायचंही नव्हतं.

"म्हंजे, मी आन मंडळी."

"अस्सं. नाथाजी सिसाळ आणि मंडळी." सहस्रबुद्धे लिहू लागले. "मंडळी किती आहेत?"

नाथाजी गोंधळला. "एकच हाय, सायेब."

"एकच भागीदार. त्याचं नाव?"

आत टाक टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"नाव सांगायला काय हरकत आहे?"

"नाव कसं घिऊ, सायेब?" नाथाजी अगदी हळू म्हणाला.

विजयमालाला हसू आलं, इतकं की तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. आणि मग एकदम हसू विरलं. कारण आत सहस्रबुद्धे गंभीरपणे सांगत होते, की मंडळाची मदत विद्यार्थ्याला आहे, व्यापारी कंपनीला नाही, त्यातून भागीदाराचं नाव लपवणाऱ्या कंपनीला तर नाहीच. लढाईच्या दिवसांत असले झाकलेले भागीदार फार बघितले त्यांनी.

ती उठली. उंबऱ्यापर्यंत गेली. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की ती मंडळी मी. एका पायानं उंबरा ओलांडला असता तर झालं असतं. पण आत परके पुरुष, खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. पाय उचलेना. बनूनं तिचं लुगडं ओढलं, ती वाकली, आणि तेवढ्यात नाथाजी बाटल्यांची पिशवी घेऊन बाहेर आला.

गणपतीच्या देवळापाशी आल्यावर नाथाजी म्हणाला, "माझंच चुकलं. 'घरच्यांनी' म्हणायला पायजे हुतं."

"मग इचारलं असतं, घरात किती भागीदार हायत."

तो हसला, आणि हसता हसताच तोंड फिरवून नदीकडं बघत चालू लागला.

तो आठवडा विजयमालानं ट्रंक भरण्यात घालवला. एकेक वस्तू ठेवायची आणि बनूला लागली म्हणून परत काढायची, त्यामुळं ट्रंक काही भरेना. नाथाजीनं भावाला पत्र लिहिलं, येतो म्हणून, त्याच शाईनं. तेही टाकायचं राहिलं. पण दोन दिवसांनी तिनं उघडून बघितलं, तर अक्षरं काळ्या मुंग्यांच्या रांगेसारखी ठसठशीत झाली होती. "येतो" हा शब्द सगळ्यांत काळा. तिला शाईचा अभिमान वाटावा की शब्दाचं वाईट वाटावं, कळेना. तिनं कागदाची घडी पुन्हा घातली आणि धान्याच्या डब्याखाली सरकवली.

पुढच्या रविवारी सकाळी दारात टांगा थांबला. घरमालकीण राहीबाई धावत आली. "आगं ए विजयमाला, कोन सायेबलोक आल्यात बघ. चार हायत. काय लढाई पुना सुरू झाली का?"

लालासाहेब दारातून वाकून आत आले. मागं सहस्रबुद्धे, हातात बैठकीची वही, मान खाली. त्यांच्यामागं बाटल्यांचं खोकं उचलून औषधाच्या दुकानाचे इलियास, मिरजेच्या वाटेवर त्यांचं दुकान; नाथाजी हिराकस तिथूनच आणायचा, आणि शाई कोण करतं ते त्यांना ठाऊक होतं. शेवटी केरबा, रहिमतपूरचा. त्याची ओळख त्यानं स्वतःच करून दिली. "मी इंटरला दोनदा नापास झालो, म्हणून पाट्या-वह्यांचं दुकान टाकलं. आता कोरेगाव तालुक्यात जो पोरगा पास हुतो, तो माझ्या पाटीवर."

लालासाहेबांनी वही उघडून नाथाजीपुढं धरली.

"वाच."

पानावर सहस्रबुद्ध्यांचा सगळा ठराव बाजारच्या पुडीच्या शाईनं लिहिलेला होता. वही सहीसाठी साताऱ्यात गेली तेव्हा वकिलांच्या कारकुनानं त्यावर पाण्याचा पेला लवंडवला, आणि मदत का देता येत नाही ते सगळं निळ्या डबक्यात वाहून गेलं होतं. त्या डबक्याच्या मधोमध, जराही न हलता, काळेभोर दोन शब्द उभे होते. लालासाहेबांच्या हातचे.

"शाई फिकट," नाथाजीनं वाचलं.

"वीस वरसं वकिली करतोय. माझ्याच बाजूच्या साक्षीदारानं मला असं कधी खोटं पाडलं न्हवतं." लालासाहेब खाली सतरंजीवर बसले. "आता दुसरी गोष्ट. तुझा तो लपवलेला भागीदार. टांग्यात इलियासनं सांगितलं तवा मी इतका हसलो की घोडं बुजलं. कुठं हाय ती मंडळी?"

विजयमाला चुलीच्या आडोशाला होती. या खेपेला उंबराही नव्हता ओलांडायचा, नुसती दोन पावलं पुढं यायची होती. ती आली. हात पुसायला विसरली, बोटं मनगटापर्यंत काळी.

"मी हाय," ती म्हणाली.

सहस्रबुद्धे उठून उभे राहिले. "वहिनी, चूक माझी झाली. आमच्या कचेरीत 'आणि मंडळी' म्हटलं की कंपनीच. घरात मी स्वतः बायकोला तेच म्हणतो, पण टेबलाशी बसलं की माणूस घरचं विसरतो."

"बसा की भाऊजी," ती म्हणाली. "आमच्यात टेबलच न्हाई."

इलियास हसले आणि शाईच्या मडक्यापाशी उकिडवे बसले. त्यांनी बाटलीचं बूच काढून वास घेतला, बोटावर थेंब घेतला. "ताई, शाई आंबती न्हवं? गरमीत काढा आंबणारच. हे कार्बोलिक, जंतू मारतं. बाटलीला दोन थेंब, जास्ती न्हाई. बूच उडणार न्हाई. आन हा निळा रंग, चिमूटभर. आज लिवलेलं आजच निळं दिसंल, उद्या काळं हुईल. लोकांस्नी आजचं दिसाय लागतं, काय करायचं."

"माझ्या बापाला ह्ये म्हाईत असतं तर," विजयमाला म्हणाली आणि थांबली. वडिलांच्या शाईत असं काही परकं पडावं का, हा विचार क्षणभर मनात आला. मग वाटलं, ते असते तर त्यांनी आधी वास घेतला असता आणि मग प्रमाण विचारलं असतं. तिनं प्रमाण विचारलं.

नाथाजीनं वहीकडं बोट केलं. "पर सायेब, ठरावात तर न्हाई म्हणलंय."

"ठराव वाहून गेला की. दिसतोय का कुठं?" लालासाहेबांनी कोट काढून खुंटीला लावला. "हे बघ नाथाजी. गावात एकाचं रान नांगरायचं ऱ्हायलं, तर काय करत्यात?"

"इर्जिक घालत्यात."

"आपापली औतं घेऊन जात्यात. सात-बारा कुणाच्या नावावर हाय म्हणून इचारत न्हाईत. एक दिस राबायचं, जेवायचं आन आपल्या घरी जायचं. तर आज तुझ्यात इर्जिक. ह्या औतातला एक बैल पुण्याचा हाय, सांभाळून घे."

सहस्रबुद्ध्यांनी इर्जिक हा शब्द पूर्वी ऐकला नव्हता. केरबानं त्यांना समजावून सांगितला. तेव्हा त्यांनी खिशातून कागद काढून तो टिपून घेतला, या खेपेला नव्या शाईनं.

आणि मग त्या एका खोलीत, कुणी बघितलं नसेल असं काम चाललं. वकिलांनी बाह्या सारून हिरडा कुटला. इलियास म्हणाले, "आजवर अशिलालाच कुटलंत, आज जरा हिरडा." केरबा आणि नाथाजी काढा गाळत होते, आणि केरबा मधूनमधून शाळांची नावं सांगत होता. रहिमतपूर, वाठार, देऊर. जूनला शाळा उघडायच्या आत पहिल्या पन्नास बाटल्या त्याच्या दुकानी गेल्या पाहिजेत, मास्तरांच्या हातात द्यायचं काम त्याचं. पोरांच्या वह्या पावसात भिजतात, हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक?

विजयमाला आतबाहेर करत होती. इर्जिकीला जेवण घालायचं ते गोड घालावं लागतं, आणि घरात रेशनची तांबडी मिलो ज्वारी. ती राहीबाईकडं गेली. राहीबाईनं काही विचारलं नाही, परातीत गव्हाचं पीठ आणि वर गुळाचा खडा ठेवून दिला. "हरभऱ्याची डाळ मी शिजत घालते. तू तुझ्या शाईकडं बघ. आज पोळ्या मी लाटते, न्हाईतर काळ्या करशील."

सगळे पंगतीनं बसले, इलियास लालासाहेबांच्या शेजारी, पोळी आणि गुळवणी. सहस्रबुद्ध्यांनी गुळवणी दोनदा मागून घेतली. बनू प्रत्येकाच्या पुढं पाण्याचा तांब्या घेऊन जात होती आणि प्रत्येकाला विचारत होती, तुमचा बैल कुठं हाय? वकिलांनी आपल्या पोटावर हात ठेवला. "ह्यो काय, खाऊन बसलाय."

दुपारी सहस्रबुद्ध्यांनी मांडीवर पाट घेतला आणि बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहायला बसले. एकसारखं, गोल, जणू छापलेलं अक्षर. "हिरडा शाई. सांगली." त्याखाली टाक थांबला.

"वहिनी, तुमचं नाव घालू ना? चूक सुधारायची एवढी संधी मला द्या."

नाथाजीनं तिच्याकडं बघितलं. त्यालाही तेच हवं होतं, हे तिला दिसलं. तिनं खोलीभर नजर फिरवली. हिरड्याची पूड उडून वकिलांच्या मिशा पिवळसर झालेल्या. इलियास थेंब मोजताना ओठ हलवत होते. राहीबाई परात घासत होती. वडिलांची आठवण मडक्यातून वर येत होती, तिचा वास कार्बोलिकनंही जात नव्हता.

"मंडळीच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तवा एकच हुती. आता लय झाली."

त्यांनी लिहिलं. नाथाजी आणि मंडळी. अक्षर आज निळं, उद्या काळं.

दिवेलागणीला टांगा आला. इलियासनी रिकाम्या खोक्याकडं बोट दाखवून सांगितलं, बाटल्या संपल्या की दुकानी या. लालासाहेब म्हणाले, "जोतिबाला पत्र मी घालतो. वकिलाचं पत्र आलं की माणूस आधी बसून घेतो, मग वाचतो." नाथाजी त्यांना पोचवायला पुलापर्यंत गेला.

विजयमालानं डब्याखालचं पत्र काढलं, घडी न उघडताच चुलीत घातलं आणि ट्रंकेतलं बनूचं परकर-पोलकं परत दोरीवर टाकलं. बाटल्या फळीवर उभ्या होत्या, दोन रांगा. तिनं कान दिला. एकाही बुचाचा आवाज नव्हता.

बनू तिच्या मांडीवर येऊन पडली. तिच्याही एका गालाला शाई लागली होती. विजयमालानं पदराचं टोक ओलं करून पुसायला घेतलं, आणि पुसता पुसता लक्षात आलं, ही जायची नाही.

"आई, पलूसला काकांच्या रानात इर्जिक झाली हुती, तवा मग काका सगळ्यांच्या रानात गेलं हुतं न्हवं? बैल घिऊन?"

"व्हय. जायाच लागतं. इर्जिक ठेवून घ्यायची नसती."

बनूनं थोडा विचार केला. "त्या वकिलांचं रान हाय?"

"न्हाई, बाळा."

"औषधवाल्या काकांचं?"

"त्यांचंबी न्हाई."

बाहेर राहीबाईनं तुळशीपाशी दिवा ठेवला. बनूनं जांभई दिली, आईच्या काळ्या बोटाला धरलं, आणि डोळे मिटता मिटता विचारलं,

"मग आपण कुणाच्या रानात जायचं?"